ओसरीवरची रोपे

रोहिणी नक्षत्र लागले की घरातल्या माणसांना शेताची घाई होते. कुळवाच्या पाळ्या चालू असतात, बियाण्या-खताची जुळवाजुळव करायची असते. त्या गडबडीत परसातल्या भाजीची आठवण कुणाला राहात नाही. ती होते गौरी-गणपतीच्या तोंडावर. तोवर हातचा पैसा शेतात गेलेला असतो, पीक अजून उभे असते, आणि आठवडी बाजारात टोमॅटो-मिरचीचा भाव विचारला की पिशवी घडी घालून परत आणावी लागते. चार रानभाज्या पंधरा दिवस हात देतात. पुढे आहेच भाकरी आणि चटणी. सगळ्या गावाला पिकवून खाऊ घालणाऱ्या घरात पोराबाळांच्या ताटात भाजी नसावी, हे काही बरे नव्हे.

मायबहिणींनो, भाद्रपदात ताटात भाजी हवी असेल तर तिचे रोप आताच टाकायला हवे. त्याला फारसा पैसा लागत नाही. लागते ती महिना-सव्वा महिन्याची नजर. सकाळी दहा मिनिटे आणि संध्याकाळी पाच मिनिटे एवढा वेळ दिला की पुरे.

वाफ्यावर नको, ओसरीवर का?

रोप वाफ्यावर टाकायची आपली जुनी रीत आहे आणि शेताच्या लागवडीला ती ठीकच आहे. पण घरापुरत्या पंचवीस-तीस रोपांसाठी वाफा केला की मृगाचा पहिला दणका बसतो. बी उघडे पडते, वाहून जाते, नाहीतर साचलेल्या पाण्यात कुजते. उरलेले कोंबड्या उकरतात. उलट पाऊस लांबला तर वाफा भिजवायला घागरी वाहाव्या लागतात. तेच रोप ओसरीवर, पडवीत किंवा पाख्याखाली डब्यात असले तर पावसाचा मारा लागत नाही, आणि पाऊस लांबला तरी तांब्या-दोन तांब्यांवर ते जगते.

रोपवाटिकेत तयार रोपे मिळतात. एकर-दोन एकराला ती जरूर आणावीत. पण दहा मिरच्या आणि बारा टोमॅटोंसाठी तालुक्याला एस. टी.ने जायचे म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला.

कोणते बी केव्हा टाकावे?

वांगी, मिरची, टोमॅटो यांचे आधी रोप करून मग लावावे लागते. पण तिघांची चाल सारखी नाही. मिरचीचे रोप लावणीला यायला चाळीस दिवस घेते, वांग्याचे पस्तीस आणि टोमॅटोचे पंचवीस ते तीस. सगळे एकाच दिवशी टाकले की टोमॅटो कमरेत वाकतो आणि मिरची अजून दोन पानांवर असते. म्हणून मिरची रोहिणी लागताना, २५ मेच्या सुमारास टाकावी. वांगी जूनच्या पहिल्या दिवशी आणि टोमॅटो मृगाला, ७ जूनच्या आसपास टाकावा. म्हणजे तिन्ही रोपे पुनर्वसूत, जुलैच्या पहिल्या आठवड्यात, एकदम लावता येतात. चातुर्मासात वांगे वर्ज्य असलेल्या घरांनी वांग्याचे रोप श्रावणात टाकावे. चंपाषष्ठीच्या भरिताला घरची वांगी येतील.

भेंडी, गवार, मेथी, मुळा, गाजर यांचे रोप करू नये. ते बी जागेवरच टाकावे. मुळा-गाजर उपटून लावले तर त्यांना फाटे फुटतात. दोडका, कारले, भोपळा यांच्या मुळांना धक्का सोसत नाही. त्यांचे बी पळसाच्या पानाच्या द्रोणात किंवा जुन्या वर्तमानपत्राच्या पेल्यात एकेक लावावे आणि वेलाला दोन-तीन पाने आली की द्रोणासकट जमिनीत ठेवावे. पान तिथेच कुजून जाते.

भांडी घरातलीच

गोडेतेलाचा पत्र्याचा मोठा डबा उभा चिरला की दोन पसरट पाट्या होतात. काठ हातोडीने आत दुमडावेत, नाहीतर मुलांचा हात कापतो. फुटक्या माठाचे बूड, नारळाच्या करवंट्या, दुधाच्या रिकाम्या पिशव्या, यातले काहीही चालते. फक्त तळाला भोके हवीत. खिळ्याने वीतभर अंतरात पाच-सहा भोके पाडावीत आणि त्यांवर खापरीचे तुकडे ठेवावेत, म्हणजे पाणी निघून जाईल आणि माती राहील. माती चार बोटे खोल असली की पुरे.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो. कीटकनाशकाचा किंवा तणनाशकाचा डबा कितीही धुतला तरी या कामाला घेऊ नये. तो घरातच ठेवू नये.

माती भाजायची नाही, वाफवायची

दोन पाट्या चाळलेली माती, एक पाटी पुरते कुजलेले शेणखत आणि एक पाटी बारीक वाळू असे मिश्रण करावे. जमीन काळी, चिकट असेल तर वाळू दीडपट घ्यावी. शेणखत ओले, वास येणारे असेल तर घेऊ नये. त्याच्या उष्णतेने कोवळी मुळे जळतात आणि हुमणीही घरात येते. ज्या वावरात मागच्या दोन-तीन वर्षांत वांगी, मिरची, टोमॅटो, बटाटा किंवा तंबाखू होता तिथली माती आणू नये. ही सगळी एकाच कुळातली पिके आहेत आणि त्यांचे रोगही एकच असतात.

कोकणात भाताच्या रोपासाठी राब भाजतात. त्यात तण आणि रोगाचे बीज जळते. आपल्या डब्यापुरते तेच काम उकळत्या पाण्याने होते. पाटीत माती भरल्यावर उकळते पाणी खालच्या भोकांतून वाहू लागेपर्यंत ओतावे, वर गोणपाट झाकावे आणि दोन दिवस तसेच ठेवावे. हे करताना लहान मुलांना लांब ठेवावे. मातीला वाफसा आला की बी टाकावे. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातून ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी मिळाली तर माती थंड झाल्यावर चमचाभर मिसळावी. आधी मिसळली तर उकळत्या पाण्याने तीही मरून जाईल.

बी पारखून घ्यावे

टोमॅटोच्या एक ग्रॅम बियांत तीनशेच्या आसपास दाणे असतात, मिरचीच्या दीडशेच्या आसपास. घराला लागतात पंचवीस-तीस. म्हणून प्रत्येकीने तीन पुड्या घेण्याचे कारण नाही. शेजारच्या तिघींनी मिळून तीन पुड्या आणाव्यात आणि वाटून घ्याव्यात. उरलेले बी कोरड्या बाटलीत घट्ट बूच लावून गार जागी ठेवले तर पुढच्या वर्षीही चालते.

बी जुने असेल तर आधी पारखावे. वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून उबदार जागी ठेवावेत आणि फडके सुकू देऊ नये. आठ-दहा दिवसांत सोळा दाण्यांना मोड आले तर बी चांगले. दहालाच आले तर दुप्पट टाकावे. पाच-सहाच उगवले तर त्या बियांच्या भरवशावर राहू नये. पुडीतले रंगीत बी औषध लावलेले असते. ते हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि पुडी मसाल्याच्या फळीवर ठेवू नये.

टाकणी, पाणी आणि उजेड

पाटीत तीन-तीन बोटांवर काडीने रेघा ओढाव्यात आणि अर्ध्या बोटाच्या पेराएवढे अंतर ठेवून बी टाकावे. वर बियाच्या दुप्पट जाडीचीच माती चाळणीने भुरभुरावी. बी खोल गेले की वर येता येता दमते. पाटी गोणपाटाने झाकावी आणि डब्याभोवती राखेची रेघ ओढावी, नाहीतर मुंग्या रातोरात बी नेतात. टोमॅटो आठवड्यात उगवतो, वांगे आठ-दहा दिवसांत, मिरची दहा-बारा दिवस घेते. तेवढा धीर धरावा, माती उकरून पाहू नये.

पहिला कोंब दिसला की त्याच दिवशी गोणपाट काढून पाटी उजेडात ठेवावी. पुष्कळ घरांत रोपे बिघडतात ती इथेच. जपायचे म्हणून पाटी घरात, चुलीजवळच्या अंधारात राहते. रोपे उजेडाच्या शोधात लांबच लांब, पिवळट आणि दोऱ्यासारखी बारीक होतात आणि लावल्यावर माना टाकतात. पूर्वेकडची ओसरी उत्तम. सकाळचे ऊन मिळावे, दुपारचे नको, कारण पत्र्याचा डबा दुपारी तापून मुळे भाजतो. रोपे एका बाजूला झुकू लागली की पाटी रोज फिरवावी.

पाणी तांब्याने ओतू नये. एखाद्या डब्याच्या झाकणाला बारीक भोके पाडून त्याने शिंपडावे, किंवा पाटी घटकाभर पाण्याच्या परातीत ठेवावी. वरची माती ओलसर दिसली की काढून घ्यावी. पाणी सकाळी द्यावे आणि तेही मातीला बोट लावून, कोरडी वाटली तरच. रोज रात्री पाटी चिंब राहिली की जमिनीलगत रोपाची मान काळी पडते आणि उभे रोप आडवे होते. यालाच रोपे कोलमडणे म्हणतात. एकदा मान कुजली की ते रोप वाचत नाही. आडवी झालेली रोपे मातीसकट काढून टाकावीत, पाणी दोन दिवस तोडावे आणि दाट जागी विरळणी करावी. दोन रोपांत बोटभर जागा राहिली की हवा खेळते आणि हा रोग फारसा येत नाही.

पाटीवर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा काड्यांवर ताणून बांधावा. टोमॅटोची पाने आखडवणारा रोग पांढरी माशी आणते, आणि तो रोपातच लागला तर पुढे फळ धरत नाही. कोंबड्यांपासूनही राखण होते.

लावणी

लावणीच्या आधी आठ दिवस पाणी कमी करावे आणि रोपांना थोडेथोडे अधिक ऊन दाखवावे. वीतभर उंच, पेन्सिलीइतक्या जाड देठाचे, गडद पानांचे रोप लावावे. आभाळ भरलेल्या दिवशी किंवा संध्याकाळी लावावे. वांग्यात दोन फूट, टोमॅटो व मिरचीत दीड फूट अंतर ठेवावे आणि जागा थोडी उंचवट्याची असावी. पाच-सात माणसांच्या घराला वांग्याची आठ, टोमॅटोची बारा आणि मिरचीची दहा झाडे चांगला हातभार लावतात. दोन-चार रोपे पाटीत मागे ठेवावीत, मेलेल्या जागी लावायला. आणि उरली तर शेजारी द्यावीत.

बी घरात राहू द्या

पहिल्या वर्षी बी विकत आणले तरी दरवर्षी आणावे लागू नये. त्यासाठी वाण सरळ हवे. वांग्यात मांजरी गोटा, टोमॅटोत पुसा रूबी, मिरचीत पुसा ज्वाला ही सरळ वाणे आहेत. संकरित वाणाचे बी धरले तर पुढच्या पिढीत झाडे एकसारखी येत नाहीत. वाफ्यातले सर्वांत निरोगी झाड निवडून त्याला चिंधी बांधावी आणि त्याची दोन फळे तोडू नयेत. वांगे पार पिवळे पडू द्यावे. टोमॅटोचा बलक एक-दोन दिवस आंबवून धुवावा, मिरची झाडावरच लाल होऊ द्यावी. बी सावलीत वाळवून, राख मिसळून, नाव आणि वर्ष लिहून ठेवावे. दोन जातींच्या मिरच्या शेजारी लावल्या तर मधमाश्या त्यांची सरमिसळ करतात. म्हणून बियाची मिरची लांब लावावी.

अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेलेल्या नाहीत. त्यांनी गावरान बियाणे मडक्यांत जपले, बायाबापड्यांना वाटले, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. २००१ च्या कायद्यानेही शेतकऱ्याला आपल्या शेतातले बी राखण्याचा, पेरण्याचा आणि देवघेव करण्याचा हक्क दिलेला आहे. हक्क कागदावर आहेच, पण तो वापरला तरच उपयोगाचा. ज्या घरात बियाची बाटली आहे त्या घराला पुढच्या रोहिणीत दुकानाची वाट पाहावी लागत नाही.

तेव्हा आज संध्याकाळी एवढेच करावे. माळ्यावरचा रिकामा डबा खाली काढावा, चार-पाच भोके पाडावीत आणि माती चाळून ठेवावी. पुढच्या अंकात दोडक्या-कारल्याचा मांडव कमी खर्चात कसा घालावा ते पाहू.