खेळाडूंची निवड व अदलाबदल

मधल्या सुटीत पटांगणाच्या कोपऱ्यात चार-पाच मुले डोक्याला डोके लावून वहीत आकडेमोड करीत बसलेली दिसली, म्हणजे ती बीजगणित सोडवीत आहेत असा समज करून घेणारे पालक भाग्यवान होत. आमचा तसा समज फार दिवस टिकला नाही. वही मागून घेऊन पाहिली, तेव्हा तीत क्रिकेटपटूंची नावे, नावांपुढे किंमत, आणि काही नावांवर काट मारून बाजूस बाण काढलेले आढळले. कोणास घ्यावे, कोणास सोडावे, आणि कोणाच्या मोबदल्यात कोणास द्यावे, याचा तो हिशेब होता. वही जप्त करण्याचा आमचा अधिकार होता. परंतु हिशेब इतका नीटनेटका होता की तो आम्ही उभ्याउभ्याच शेवटपर्यंत वाचून काढला, आणि वही परत केली.

या खेळाचे मूळ अमेरिकेतील आहे. 1980 साली न्यूयॉर्क शहरात डॅनियल ओक्रेंट नामक लेखकाने आपल्या मित्रमंडळींसह तो बेसबॉलवर सुरू केला. ही मंडळी ज्या उपाहारगृहात जमत, त्याचेच नाव त्या खेळास मिळाले. खऱ्या सामन्यांतील खरे खेळाडू कागदावर विकत घ्यावयाचे, मैदानावर ते जशी कामगिरी करतील तसे आपल्या कागदी संघास गुण मिळावयाचे, आणि हंगाम चालू असता आपसांत खेळाडूंची अदलाबदल करावयाची, एवढाच काय तो प्रकार. हा खेळ पुढे क्रिकेटवर आला, तेव्हा अकरा खेळाडू आणि त्यांकरिता शंभर गुणांची थैली असे त्याचे स्वरूप आमच्या मुलांच्या परिचयाचे झाले. या शंभराच्या मर्यादेतच खेळाचा सारा जीव आहे. थैली अथांग असती तर विचार करण्याचे कारणच उरले नसते.

पैशाविषयी प्रथमच बोलून मोकळे होतो. ऑक्टोबर 2023 मध्ये आपल्या पिंपरी-चिंचवड पोलीस दलातील एका उपनिरीक्षकास अशाच ऑनलाइन खेळात दीड कोटी रुपये मिळाले आणि त्यापाठोपाठ ते निलंबित झाले, ही वार्ता पालकांच्या स्मरणात असेलच. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस मनाई केली, आणि त्या धंद्यातील मोठ्या कंपन्यांनी आपल्या पैशाच्या स्पर्धा त्याच महिन्यात थांबविल्या. दीड कोटी एकास मिळाले हे सर्वांनी वाचले. ते कित्येक लाख लोकांच्या खिशांतून आले होते, हे थोड्यांनी ध्यानात घेतले. चाकणच्या एखाद्या कारखान्यात रात्रपाळी करून मिळविलेला पैसा सकाळी निजण्यापूर्वीच मोबाईलवर गेल्याची उदाहरणे आमच्या कानांवर आली आहेत. तेव्हा पैशाचा खेळ आम्हांस मुळीच नको. परंतु पैसा काढून घेतल्यावर जे शिल्लक राहते, ते टाकाऊ आहे असे मात्र आम्हांस वाटत नाही. आणि हे आम्ही स्वतः फजीत होऊन शिकलो आहो.

2020 साली शाळा बंद होत्या व वर्ग मोबाईलवर भरत असत. मुलांस काही विरंगुळा असावा म्हणून आठवीच्या मुलांबरोबर आम्हीही वहीतला एक संघ मांडला. आयपीएलचे सामने त्या वर्षी अरबस्तानात भरले होते. आमच्या संघात आम्ही ऋतुराज गायकवाड यास घेतले होते. कारण उघड होते: मुलगा सांगवीचा, थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत घडलेला, घरचा माणूस घ्यावा, एवढाच आमचा विचार. चेन्नईने त्यास आदल्या वर्षीच्या हंगामाकरिता वीस लाखांस घेतले होते, पण त्या हंगामात एकही सामना खेळविला नव्हता. या खेपेस तो खेळला. पहिल्या डावात शून्य, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात पुन्हा शून्य. तीन डाव, पाच धावा. आम्ही त्यास आठवीतील एका विद्यार्थ्यास देऊन टाकले, आणि मोबदल्यात एक नामांकित खेळाडू घेतला. मुलाने विचारले, "सर, नक्की ना? मागाहून परत मागणार नाही ना?" आम्ही मोठ्या ऐटीने "नक्की" म्हणालो. त्या बिचाऱ्याची आम्हांस थोडी कीवच आली होती.

पुढील तीन डावांत गायकवाडने पासष्ट, बहात्तर व बासष्ट धावा केल्या. पैकी दोनदा तो नाबाद राहिला. पुढील वर्षी, म्हणजे 2021 साली, त्याने साऱ्या स्पर्धेत सर्वांहून अधिक, 635 धावा काढल्या. कालांतराने चेन्नईचा कर्णधार झाला. आणि 2025 च्या हंगामाकरिता त्यास अठरा कोटी रुपये देऊन राखण्यात आले. आम्ही निर्लज्जपणे तो परत मागून पाहिला. "आता नाही, सर," एवढेच उत्तर आले.

आमची चूक कोठे झाली, याचा विचार आम्ही पुष्कळ केला आहे. तीन डाव म्हणजे फार थोडे डाव. नाणे तीनदा उडविले व तिन्ही वेळा काटा पडला, म्हणून नाण्यास छाप नाही असे कोणी म्हणत नाही. फलंदाजाविषयी मात्र आपण तसे बेधडक म्हणतो. दुसरे असे की, ते तीन डाव कोणत्या स्थितीतील होते हे आम्ही पाहिलेच नाही. आरंभास जाणाऱ्या त्या फलंदाजास पहिल्या दोन डावांत मधल्या फळीत धाडले होते. पुढे तो सलामीस गेला. तिसरा डाव सलामीचाच होता व त्यातही शून्यच, हे खरे. तथापि जागा बदलली आहे एवढे तरी ध्यानात यावयास हवे होते. ज्या मुलाने त्यास घेतले, त्याने ते ओळखले होते. "सर, आता तो ओपनिंगला जातोय," असे तो म्हणालाही होता. परंतु आम्ही त्या वेळी आपल्या नव्या नामांकित खेळाडूच्या आनंदात होतो. पूर्वी काय केले यापेक्षा पुढे काय करावयाची संधी मिळणार आहे, हे पाहून माणूस घ्यावा, ही गोष्ट चाळिशी ओलांडलेल्या पदवीधर शिक्षकाहून आठवीतील पोरास अधिक कळली होती.

किमतीविषयीही असाच घोटाळा होतो. अधिक दाम तो अधिक चांगला, असे आपण धरून चालतो. कबड्डीचे उदाहरण घ्यावे. 2023 च्या लिलावात पवन सेहरावत यास तेलुगू संघाने दोन कोटी साठ लाखांहून अधिक देऊन घेतले. तो त्या वर्षीचा सर्वांत महाग खेळाडू. तो हंगाम संपला तेव्हा तो संघ तळाशी होता. पवन वाईट खेळाडू होता काय? मुळीच नव्हे. एकट्यावर थैली रिती केली की उरलेल्या सहा जागा कशाने भराव्या, हा प्रश्न राहतोच. त्याच लिलावात आपल्या पुणेरी पलटणने इराणचा बचावपटू शादलू यास दोन कोटी पस्तीस लाखांस घेतले व 1 मार्च 2024 रोजी अजिंक्यपद मिळविले. म्हणजे मोठा दाम देऊन चूकच होते असेही नाही. पुढच्या लिलावात तोच शादलू हरियाणाने दोन कोटी सात लाखांस नेला आणि डिसेंबर 2024 मध्ये, आपल्याच बालेवाडीत, हरियाणा अजिंक्य ठरला. माणूस तोच, दाम अठ्ठावीस लाखांनी कमी. दाम हा घेणाऱ्याच्या गरजेचा व थैलीचा आकडा असतो. माणसाच्या अंगच्या गुणांचे ते माप नव्हे.

अमेरिकेत ओकलंड शहराच्या बेसबॉल संघापाशी श्रीमंत संघांच्या मानाने फारच थोडा पैसा होता. त्याचा कारभारी बिली बीन याने 2002 साली असे पाहिले की, जोराचा फटका मारणाऱ्यास सारे पैसे मोजतात, पण वाईट चेंडू मुकाट्याने सोडून देऊन फुकटात पहिल्या तळावर चालत जाणाऱ्यास कोणी विचारीत नाही. स्कॉट हॅटेबर्ग या गड्याच्या कोपरास दुखापत झाली होती. यष्टिरक्षकासारखे त्याचे मूळचे काम त्यास करवेना. बीनने त्यास दुसऱ्या जागी उभे केले. त्या वर्षी ओकलंडने लागोपाठ वीस सामने जिंकले, आणि विसावा याच हॅटेबर्गच्या फटक्याने. अंतिम विजेतेपद मात्र त्यांस मिळाले नाही, हेही सांगितले पाहिजे. नाहीतर मुले समजतात की युक्ती सापडली की ढाल आपलीच.

आता अदलाबदल. वहीतल्या संघात मुले एकमेकांस फसविण्यासच चातुर्य समजतात. दुखावलेला खेळाडू, बातमी फुटण्यापूर्वी, दुसऱ्याच्या गळ्यात बांधतात. एकदा हे साधते. पुढे त्या मुलाशी कोणी व्यवहार करीत नाही व हंगामभर तो आपलेच अकरा कुरवाळीत बसतो. आपणाकडे गोलंदाज अधिक व शेजाऱ्याकडे फलंदाज अधिक, अशा वेळी केलेल्या बदलाने दोघांचेही भागते. नोव्हेंबर 2025 मध्ये चेन्नईने रवींद्र जडेजा व सॅम करन हे राजस्थानास देऊन संजू सॅमसन यास घेतले. 2012 साली चेन्नईत आलेला जडेजा जावा, याचे आमच्या वर्गात सुतक पाळले गेले. मुलांच्या ध्यानात एक गोष्ट आली नव्हती ती आम्ही सांगितली: अशा व्यवहारास खेळाडूची स्वतःची संमती लागते.

ही संमतीची गोष्ट आम्हांस मागील वर्षी आठवावयास हवी होती. मुलांच्या हौसेखातर आम्ही वार्षिक क्रीडास्पर्धांपूर्वी सभागृहात चार गटांच्या नायकांस प्रत्येकी शंभर गुण दिले व शाळेतील खेळाडूंचा लिलाव पुकारला. हातोडा आमच्याच हाती होता. टाळ्या, शिट्या, हशा. दीड तास मोठी मौज झाली. शेवटी एक मुलगा उरला. आम्ही त्याचे नाव तीनदा पुकारले. कोणी बोली केली नाही. मागील बाकांवरून कोणी "फुकट! फुकट!" असे ओरडले, सभागृह हसले, आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही हसलो. मग त्यास एका गटात तसेच घालून दिले.

सोमवारी त्याचे वडील आले. चाकणकडील एका कारखान्यात ते कंत्राटावर कामास आहेत; दुसऱ्या पाळीस जाण्यापूर्वी आले होते, त्यामुळे अंगावर कारखान्याचाच सदरा होता. रागावलेले नव्हते. चाकणच्या बैलबाजारात पूर्वी वडिलांबरोबर जात असू, असे ते सांगू लागले. बैलाचे दात पाहावयाचे, आदत की चौसा ते ठरवावयाचे, चालवून पाहावयाचे. पण दाम कधी ओरडून सांगावयाचा नाही. दोघांनी रुमालाखाली हात घालावयाचे आणि बोटे दाबून बोलावयाचे. "सर, बैलाचा भावसुद्धा आमच्याकडे झाकून करतात हो," असे म्हणून ते उठले. पाळीची वेळ झाली होती.

आम्हांस उत्तर सुचले नाही. त्या मुलाने पुढे सामन्यात काही पराक्रम गाजविला असता तर ही हकीकत वाचकांस अधिक गोड लागली असती. तसे झाले नाही. तो साधारण खेळला, जसा तो नेहमी खेळतो.

आमचे एक सहशिक्षक म्हणतात की, हे फार मनास लावून घेऊ नये. उद्या ही मुले याच पट्ट्यातील कारखान्यांच्या दारांत मुलाखतीस उभी राहतील, तेथे कोणी रुमाल धरणार नाही. मग आजच सवय झालेली काय वाईट? आम्हांस हे पटत नाही. कारखान्याच्या मुलाखतीत नाकारला गेलेला तरुण बंद दारामागे नाकारला जातो, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दारी जातो. आमचा मुलगा चारशे सोबत्यांपुढे नाकारला गेला व दुसऱ्या दिवशी त्यांच्याच वर्गात येऊन बसला. शिवाय दूरचा खेळाडू आपल्या वहीत काट मारल्याने दुखावत नाही. त्यास ते कळतही नाही. म्हणूनच वहीतल्या संघात चुका करून निवड शिकावयाची मोकळीक आहे, आणि ती मुलांस असावी असे आम्ही आग्रहाने म्हणतो.

यंदा वहीतला संघ नववीच्या वर्गात चालू राहील: शंभर गुण, पैसा नाही, मोबाईल नाही, सामन्यांचे आकडे वर्तमानपत्रातून घ्यावयाचे, आणि अदलाबदल दर शुक्रवारी मधल्या सुटीत, दोन्ही वह्यांवर दोघांच्या सह्या घेऊन. आपल्या शाळेतील गटांची निवड मात्र चार नायक व क्रीडाशिक्षक एका खोलीत बसून करतील. यादी लागेल ती वर्णानुक्रमाने, आणि गट बदलावयाचा झाल्यास प्रथम त्या मुलास विचारण्यात येईल. निवडीपूर्वी नायकांनी आठ दिवस सरावास हजर राहून सर्वांचा खेळ पाहावा, असेही आम्ही ठरविले आहे. दोघा नायकांनी आठ दिवस फार होतात अशी तक्रार केली. तीन दिवसांत कोण कसा आहे ते कळते, असे त्यांचे म्हणणे पडले. आम्ही त्यांस आमची 2020 सालची वही वाचावयास दिली आहे.