पेणचे बारा, रोह्याचे बारा

गेल्या चैत्र वद्यांत तीर्थरूपांच्या श्राद्धासाठीं मी पेणहून रोह्यास थोरल्या बंधूंकडे गेलों होतों. त्या दिवशीं घरांत जो प्रश्न निघाला, तो वाचकांच्या घरींही केव्हां तरी निघत असेल, म्हणून येथें मांडतों.

नकाशांत पाहिल्यास पेण व रोहा जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत. सूर्याच्या हिशेबानें दोहोंत फार तर कांहीं सेकंदांचें अंतर. परंतु घड्याळाची गोष्ट निराळी. १ जानेवारी १९०६ पासून आपल्याकडे जी प्रमाणवेळ आली, ती ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, म्हणजे प्रयाग-मिर्झापूरच्या बाजूची. आपण त्याच्या सुमारें ९.४ अंश पश्चिमेस. एका अंशास ४ मिनिटें धरलीं कीं आपला सूर्य घड्याळाच्या ३८ मिनिटें मागें पडतो. मुंबईनें आपली ३९ मिनिटें मागची वेळ सहजासहजीं सोडली नाहीं. महानगरपालिकेनें ती १९५५ पर्यंत पाळली. महायुद्धांत, १९४२ पासून १९४५ पर्यंत, घड्याळें आणखी १ तास पुढें होतीं. "सरकारचे किती वाजले आणि सूर्याचे किती?" असें आमचे आजोबा विचारीत, त्यांत थट्टा नव्हती.

सूर्य एक, घड्याळ एक. तरी दिनचर्या मात्र दोन. पेणेंत वर्ष भाद्रपद चतुर्थीपासून मागें मोजतात. गणपतीच्या कारखान्यांत माती, रंग, डोळ्यांची आंखणी, सारें त्या एका तिथीकडे पाहून चालतें. परदेशीं जावयाच्या मूर्ती तर कित्येक महिने आधींच निघतात. रोह्यांत धाटावच्या कारखान्यांमुळें दिवस पाळीपाळीनें तुटतो. बंधूंचा थोरला मुलगा रात्रपाळी करून सकाळीं घरीं येतो, तर धाकटा दुपारच्या पाळीस जातो. एका पंक्तीस सर्वांनीं बसावें, हा योग तेथें दुर्मिळ.

त्या दिवशीं ११ वाजल्यापासून बंधू गुरुजींस घाई करूं लागले. "बाराच्या आंत सर्व आटोपलें पाहिजे," असा त्यांचा आग्रह. वहिनी पहांटे ४ पासून सोंवळ्यांत चुलीपुढें, तोंडांत पाण्याचा थेंब नाहीं. रात्रपाळीहून आलेला मुलगा बसल्या जागीं डुलक्या घेत होता. मला राहवेना. मी म्हणालों, "दादा, दिवसाचे मुहूर्त १५. त्यांतला आठवा तो कुतप; श्राद्धास आरंभ त्यांत करावा. त्याचा मध्य म्हणजे खरा मध्यान्ह. तो आज येथें १२ वाजून ३७ मिनिटांच्या सुमारास. मुहूर्त ५० मिनिटांचा, म्हणजे सव्वाबारा ते एक हा कुतप. आपली घाई शास्त्राची नव्हे, घड्याळाची आहे."

गुरुजींनीं मान डोलावली. बंधू गप्प राहिले. वहिनी पदरानें कपाळ पुशीत म्हणाल्या, "भावोजी, हें गणित तुम्हांस इतकीं वर्षें ठाऊक होतें ना? मग मला दर वर्षीं पहांटे चारला कां उठूं दिलेंत?"

चाळीस वर्षें विद्यार्थ्यांस प्रश्न विचारले. या एका प्रश्नास मजजवळ उत्तर नव्हतें. मी दर वर्षीं दहाला येऊन पाटावर बसत असें, आणि "अजून तयारी नाहीं?" असेंही विचारीत असें.

आतां पुढील वर्षाचें ठरलें आहे. चूल ७ वाजतां पेटेल. रात्रपाळीचा मुलगा तीन-चार तास झोपेल. आरंभ सव्वाबारास होईल आणि धाकटा जेवून पाळीस जाईल. वडे वळण्यास मी व बंधू बसणार आहोंत.

ज्यांस गणितावर विश्वास नसेल, त्यांनीं अंगणांत एक सरळ काठी रोवावी. तिची सावली सर्वांत आंखूड होईल, तेव्हां आपल्या गांवचे खरे बारा. तोपर्यंत स्वयंपाकघरांत कोणास घाई करूं नये.