पट्टी उलटी आली, तर छातीवर हात ठेवा

ईसीजी काढताना लाल तार उजव्या हाताला आणि पिवळी डाव्या हाताला लावायची असते. गर्दीच्या वेळी या दोन तारांची अदलाबदल होते आणि पट्टीवरची पहिली लीड उलटी उमटते. तारा तपासून ईसीजी पुन्हा काढला की बहुतेकदा प्रश्न मिटतो. पण तारा बरोबर असूनही पट्टी उलटीच आली, तर? हृदयच उजवीकडे असू शकते.

याला डेक्स्ट्रोकार्डिया म्हणतात. अनेकांचे यकृत, जठर, प्लीहा सगळेच आरशात पाहिल्यासारखे उलट्या बाजूला असते आणि तब्येत ठणठणीत असते. हे प्रमाण ढोबळमानाने १० हजारांत एक. २०११च्या जनगणनेत नागपूर शहर सुमारे २४ लाखांचे होते. म्हणजे हिशेबाने दोनशेवर माणसे इथेच निघतील. बाकी अवयव जागच्या जागी आणि फक्त हृदय उजवीकडे असेल, तर मात्र जन्मजात दोषाची शक्यता बरीच असते. त्यांची इको तपासणी व्हायलाच हवी.

दोन्हींतला फरक छातीच्या सहा लीड्स सांगतात. हातांच्या तारा चुकल्या असतील तर तिथली लहर नेहमीप्रमाणे डावीकडे वाढत जाते. हृदय उजवीकडे असेल तर ती आक्रसत जाते. मशीनने वर छापलेल्या निदानावर विसंबणे मला म्हणूनच पटत नाही. अशा पट्टीवर ते ‘जुना हार्ट अटॅक’ असेही छापू शकते, आणि धडधाकट माणूस विनाकारण गोळ्या सुरू करतो. उलट खरा झटका आला तर नेहमीच्या जागी लावलेल्या लीड्समध्ये तो नीट दिसेलच असे नाही.

उपाय फुकटचा आहे. दोन्ही बाजूंना हात ठेवून ठोका कुठे लागतो ते पाहायचे, स्टेथोस्कोप उजवीकडेही लावायचा. मग हातांच्या तारा बदलून, छातीच्या लीड्स उजवीकडे लावून दुसरी पट्टी काढायची आणि तसे पेनाने त्यावर लिहायचे. आता तालुक्यातला ईसीजी मोबाईलवरून शहरात पोचतो. तिथल्या डॉक्टरचा हात रुग्णाच्या छातीवर नसतो, म्हणून ही नोंद लागतेच. एक्स-रेवर उजवी-डावी खूण नसेल तर फिल्म उलटी धरली जाते आणि सगळे नॉर्मल दिसते!

तुमचे हृदय उजवीकडे असल्याचे कुणी सांगितले असेल, तर तो कागद पाकिटात ठेवा आणि तारा लावण्याआधीच टेक्निशियनला दाखवा.