पहिल्या पौंडापासूनचा कर

माझ्या ओळखीतल्या एका शिक्षिकेने मराठीतून उर्दू लिपी शिकवणारे व्हिडिओ धडे तयार केले. मागच्या खोलीत, आवाज येऊ नये म्हणून पंखा बंद करून, मोबाइलवर. संच 500 रुपयांचा. पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते थेट बर्मिंगहॅमचं. कोकणातून तिकडे गेलेल्या एका आजीने नातवंडांसाठी घेतला. बाई खुशीत होत्या. मी विचारलं, "व्हॅटचं काय केलंत?" त्यांना वाटलं, सर थट्टा करतायत.

थट्टा नव्हती. तयार व्हिडिओ, ई-बुक, ॲप यांवरचा कर गिऱ्हाईक राहतं त्या देशाचा. ब्रिटनमध्ये सर्वसाधारण दर 20 टक्के. तिथल्या दुकानदाराची वर्षाची उलाढाल 90,000 पौंडांच्या आत असेल तर त्याला नोंदणीच करावी लागत नाही. बाहेरून सामान्य गिऱ्हाइकाला थेट विकणाऱ्याला मात्र ही मुभा नाही. त्याचा हिशेब पहिल्या पौंडापासून.

युरोपियन युनियनचं तेच. तिथल्या छोट्या विक्रेत्याला सीमेपलीकडच्या विक्रीत वर्षाला 10,000 युरोंपर्यंत आपल्याच देशाचा कर लावता येतो. बाहेरच्याला लक्झेंबर्गचे 17 टक्के वेगळे, हंगेरीचे 27 वेगळे. एकाच ठिकाणी नोंदणी करून सगळ्या देशांचा कर भरता येतो, ही सोय खरी. पण दर तीन महिन्यांनी विवरण भरायचं आणि नोंदी 10 वर्षं जपायच्या. मास्तरांनी वह्या तपासायच्या की हे?

कर नकोच, असं माझं म्हणणं नाही. माल जिथे वापरला जातो तिथल्या सरकारला कर मिळावा, हे तत्त्व बरोबरच आहे. "आपल्याला इथे कोण पकडणार?" म्हणणारे आपल्यातही आहेत, ती पळवाट मला मंजूर नाही. पण घरच्याला सूट आणि परक्याला शून्य, याला इन्साफ म्हणत नाहीत.

यातून कोणाचं फावतं तेही पाहा. बड्या कंपन्यांनी कर चुकवू नये म्हणून असे नियम आले. बड्यांकडे हिशेबनिसांची फौज आहे, त्यांना काही जड गेलं नाही. छोटा माणूस मात्र त्यांच्याच ॲप-दुकानाच्या दारात जातो, कारण तिथे व्हॅट तेच भरतात. त्याबदल्यात विक्रीतला 15 ते 30 टक्के वाटा साधारणपणे त्यांचा. कर सरकारला जातो, हा वाटा कोणत्या शाळेला, कोणत्या दवाखान्याला?

आणि आपणही धुतल्या तांदळासारखे नाही. भारतात सेवा देणाऱ्याला साधारणपणे 20 लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. पण परदेशातून इथल्या घरगुती गिऱ्हाइकाला डिजिटल सेवा विकणाऱ्याला पहिल्या रुपयापासून 18 टक्के. ढाक्यात बसून धडे बनवणाऱ्या एखाद्या मास्तरांशी आपण तेच करतो जे लंडन आपल्याशी करतं.

यावर तोड नाही असंही नाही. अमेरिकेत साउथ डकोटा राज्याने बाहेरच्या विक्रेत्यांवर कर लावला तेव्हा वर्षाला 1,00,000 डॉलर आणि 200 व्यवहार या दोन्हींच्या आतल्यांना सोडलं. 2018 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या राज्याच्या बाजूने कौल देताना या सवलतीचीही दखल घेतली. ब्रिटनने, युरोपने आणि दिल्लीनेही बाहेरच्या छोट्यांसाठी अशी एक रेषा आखावी. आपल्या माणसाला देता तेवढी देऊ नका हवं तर, पण काहीतरी द्या.

बाईंनी थेट विक्री बंद केली. धडे आता एका परदेशी मंचावर आहेत.