विकाऊ पान आणि जागा वाचक

मुदखेडहून आदिलाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर भोकर लागते आणि त्यापुढे हिमायतनगर, म्हणजे जुन्या माणसांचे वाढोणा. निजामी अमलात या टापूत स्वतंत्र बाण्याचे मराठी वर्तमानपत्र ही सरकारच्या डोळ्यांत सलणारी वस्तू होती. आ. कृ. वाघमारे यांना १९३८ साली 'मराठवाडा' हे साप्ताहिक पुण्याहून काढावे लागले. संस्थानात त्यावर बंदी आली, तेव्हा नावे बदलून ते अंक काढीत राहिले. रझाकारांविरुद्ध निर्भयपणे लिहिणारे 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत हत्या झाली. मुक्तिसंग्रामाचा इतिहास सांगताना हे नाव गाळले जाऊ नये.

स्वातंत्र्यानंतर पत्रकाराच्या जिवावरचे संकट पुष्कळसे टळले आणि लेखणीची कसोटी निराळ्या प्रकारे लागू लागली. १९८१ च्या ऑगस्टअखेर 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये अरुण शौरी यांनी तत्कालीन मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांचे प्रतिष्ठान आणि सिमेंटचे वाटप यांतील संबंध उघड केला. पण नुसत्या छापील मजकुराने सत्ता हलली नसती. मृणाल गोरे आणि प. बा. सामंत उच्च न्यायालयात गेले. रामदास नायक यांनी फौजदारी तक्रार नेटाने लढविली. जानेवारी १९८२ मध्ये न्यायमूर्ती लेंटिन यांचा निकाल आला आणि मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले.

मग २००९ साल उजाडले आणि प्रश्न वृत्तपत्रांच्याच दारात आला. विधानसभा निवडणुकीत भोकर मतदारसंघातून तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण उभे होते. त्यांच्या कर्तृत्वाच्या पुरवण्या निघाल्या. एकच लेख शब्दशः तीन प्रमुख मराठी दैनिकांत 'बातमी' म्हणून झळकला. वृत्तपत्रीय जाहिरातींचा दाखविलेला खर्च मात्र अवघा ५,३७९ रुपये. 'द हिंदू'मध्ये पी. साईनाथ यांनी हे प्रकरण मांडले, तेव्हा त्यांना कोणत्या गुप्त दस्तऐवजांची गरज पडली होती? वर्तमानपत्रे शेजारी शेजारी ठेवून वाचली आणि खर्चाचा हिशेब पाहिला, इतकेच. त्या दिवसांत भोकरच्या वा हिमायतनगरच्या वाचनालयातील कोणाही वाचकाला तीन अंक समोर ठेवून निदान अर्धे काम करता आले असते!

पुढची कथा वृत्तपत्रसृष्टीला भूषणावह नाही. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने वृत्तपत्रांची नावे घेऊन ७१ पानी अहवाल सिद्ध केला. कौन्सिलने २०१० मध्ये त्याचे सौम्य सारच तेवढे स्वीकारले. मूळ अहवाल माहिती अधिकारामुळे २०११ मध्ये जनतेसमोर आला. इतरांची लक्तरे वेशीवर टांगणाऱ्यांनी स्वतःची लक्तरे पेटीत कुलूपबंद ठेवावीत, यास काय म्हणावे?

न्यायालयीन लढा पराभूत उमेदवार माधवराव किन्हाळकर यांनी चालविला. खर्चाचा हिशेब खरा की खोटा हे तपासण्याचा अधिकार निवडणूक आयोगास आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये दिला. जुलैमध्ये आयोगाने चव्हाण यांच्याविरुद्ध निष्कर्ष काढला. सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला. चव्हाण यांना दिलासा मिळाला, हे नोंदविलेच पाहिजे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते भारतीय जनता पक्षात आले. ज्यांनी २००९ मध्ये या प्रकरणी आवाज उठविला त्यांत हाच पक्ष होता. माणसे इकडची तिकडे गेली म्हणून प्रश्न निकाली निघत नाही, हे कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवणे हिताचे.

तालुक्याचा वार्ताहर तुटपुंज्या मानधनावर राबतो आणि त्यालाच जाहिराती गोळा करावयास लावले जाते. ज्याच्याकडून जाहिरात आणायची, त्याच्याच रस्त्याच्या कंत्राटावर तो काय लिहिणार? पैसे घेऊन छापलेली बातमी हा निवडणूक कायद्यान्वये गुन्हा ठरवावा, अशी शिफारस विधी आयोगाने २५५ व्या अहवालात मार्च २०१५ मध्येच केली. तशी दुरुस्ती लोकप्रतिनिधित्व कायद्यात अद्याप झालेली नाही.