मूळशोधाचा हक्क नोंदींवर टिकतो

रायपूरमध्ये दत्तकाचा आदेश आता न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. २०२२ पासून देशभर हीच पद्धत आहे. त्याच वर्षीची नियमावली दत्तक मुलाचा मूळशोधाचा, म्हणजे आपले जन्मदाते शोधण्याचा, हक्क मान्य करते. मूल सोपवणाऱ्या आईला फेरविचारासाठी ६० दिवस मिळतात. पुढे मुलाशी संपर्क राखण्याची सोय मात्र नाही. पुण्यात जन्मलेले, जर्मनीत वाढलेले अरुण डोहले यांना आईच्या शोधासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडावे लागले. अशी वेळ कुणावरही येऊ नये. आईची गुप्तता जपलीच पाहिजे. पण तिची इच्छा असेल तर पत्र, छायाचित्र, घराण्यातील आजारांची माहिती संस्थेत ठेवता यावी. छत्तीसगड सरकारने दत्तक संस्थांमधील जुन्या नोंदी तातडीने सुरक्षित कराव्यात आणि समुपदेशक नेमावेत.