ओला, सुका आणि आता आणखी दोन डबे: कचऱ्याच्या नव्या नियमांमुळे तुमच्या घरात काय बदलणार?

'सस्टेनेबल लिव्हिंग' असं मोबाइलवर शोधून बघा. बांबूचे ब्रश, स्टीलचे स्ट्रॉ, काचेच्या बरण्या, तागाच्या पिशव्या. एकामागून एक रील येत राहतात. बघायला छान वाटतं. पण आपल्या घराचा पर्यावरणावर रोज जो परिणाम होतो, त्यातला मोठा भाग सिंकखालच्या डब्यात असतो. त्याचं रील सहसा कुणी करत नाही.

या डब्याबद्दल केंद्र सरकारने नवे नियम आणले आहेत. 'घनकचरा व्यवस्थापन नियम २०२६' जानेवारीत अधिसूचित झाले आणि त्यांच्या अंमलबजावणीची तारीख आहे १ एप्रिल २०२६. कचरा आता दोन नाही, चार प्रकारांत वेगळा करायचा आहे.

हे वाचून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला मेसेज कोणता येतो, हेही आपल्याला माहीत आहे: "आम्ही वेगळा करून देतो, पण घंटागाडीत सगळं एकत्रच टाकतात. मग कशाला करायचं?"

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर शोधू, पण आधी नियम समजून घेऊ.

नवे नियम काय सांगतात?

घरातल्या कचऱ्याचे चार भाग करायचे आहेत.

ओला कचरा: भाज्यांची देठं, फळांच्या साली, उरलेलं अन्न, मांस-मासळीचे अवशेष, फुलं. याचं खत किंवा बायोगॅस व्हायला हवा.

सुका कचरा: कागद, प्लास्टिक, काच, धातू, लाकूड, रबर. हा वर्गीकरण केंद्रात जाऊन पुन्हा वापरात यायला हवा.

सॅनिटरी कचरा: डायपर, सॅनिटरी पॅड वगैरे. हा नीट गुंडाळून स्वतंत्र ठेवायचा.

विशेष काळजीचा कचरा: रंगाचे डबे, बल्ब, पाऱ्याचे थर्मामीटर, जुनी औषधं. हा ठरवून दिलेल्या केंद्रावर किंवा अधिकृत यंत्रणेकडेच द्यायचा.

दुसरा मोठा बदल मोठ्या सोसायट्यांसाठी आहे. बांधकामाचं क्षेत्रफळ २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त, किंवा पाण्याचा वापर दिवसाला ४०,००० लिटर किंवा जास्त, किंवा कचरा दिवसाला १०० किलो किंवा जास्त, यातली एक जरी अट लागू झाली तरी ती सोसायटी 'मोठ्या प्रमाणात कचरा निर्माण करणारी' ठरते. अशा सोसायटीने ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवायचा आहे.

१०० किलो हा आकडा मोठा वाटतो, पण हिशेब करून बघा. एका घरातून रोज एक किलो कचरा निघतो असं धरलं, तरी १०० घरांची सोसायटी या रेषेवर पोहोचते.

असे नियम पहिल्यांदाच आलेत का?

नाही. आणि गोष्ट खरी इथेच आहे.

१९९६ मध्ये अलमित्रा पटेल यांनी शहरांमधल्या कचऱ्याबद्दल सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. त्यातून २००० साली देशात नागरी घनकचऱ्याचे पहिले नियम आले. २०१६ मध्ये ते बदलले आणि कचरा तीन भागांत वेगळा करून देणं प्रत्येक घरावर बंधनकारक झालं. मुंबई महापालिकेने २०१७ मध्येच मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा आवारात जिरवायला सांगितलं होतं.

म्हणजे पाव शतकात ही तिसरी नियमावली आहे. तरीही अनेक शहरांत गाडी भरते ती मिश्र कचऱ्यानेच. नियम नव्हते म्हणून हे झालं नाही. घर, गाडी आणि प्रक्रिया केंद्र ही साखळी कुठे ना कुठे तुटत राहिली. एक कडी तुटली की पुढच्या कडीला वाटतं, आपण तरी कशाला करायचं?

ओल्या कचऱ्याचं एवढं काय?

भाजीची देठं तर मातीतच जाणार, मग ती डेपोत गेली काय आणि कुंडीत गेली काय, असं आपल्याला वाटतं. फरक आहे तो हवेचा.

कुंडीत किंवा खताच्या डब्यात हवा खेळती असते. तिथले जिवाणू ऑक्सिजनच्या मदतीने कचरा कुजवतात आणि खत तयार होतं. डेपोत मात्र कचऱ्याचे थरावर थर चढतात आणि खाली हवा पोहोचत नाही. तिथे दुसऱ्या प्रकारचे जिवाणू काम करतात आणि मिथेन वायू तयार होतो. १०० वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा साधारण २७-२८ पट जास्त उष्णता धरून ठेवतो. २० वर्षांचा हिशेब केला तर हाच आकडा ८० पटींच्या आसपास जातो.

मिथेन ज्वलनशीलही आहे. डेपोंना वारंवार आगी लागतात आणि त्या आतल्या आत धुमसत राहतात, त्यामागे हे एक मोठं कारण असतं.

दुसरं नुकसान पाण्याचं. ओला कचरा कुजताना त्यातून काळं पाणी सुटतं. पाऊस पडला की ते वाढतं आणि जमिनीत मुरत विहिरींपर्यंत पोहोचतं.

तिसरं नुकसान सुक्या कचऱ्याचं. कोरडा पुठ्ठा विकला जातो. आमटी सांडलेला पुठ्ठा कुणी घेत नाही. भारतीय शहरांत घरगुती कचऱ्याचा साधारण निम्मा भाग ओला असतो. हा निम्मा भाग उरलेल्या निम्म्याला खराब करतो.

याची किंमत कोण मोजतं?

मुंबईत देवनारच्या डेपोत १९२७ पासून कचरा टाकला जातोय. जानेवारी २०१६ च्या अखेरीस तिथे मोठी आग लागली. शहरभर धूर पसरला आणि परिसरातल्या महापालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्यानंतर महिनाभरातच मुंबई उच्च न्यायालयाने शहरात नव्या बांधकामांना परवानगी देण्यावर निर्बंध आणले. कारण एकच: आधीचाच कचरा नीट जिरवता येत नाही, मग नवी घरं कशाच्या भरवशावर? २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटींसह हा मार्ग मोकळा केला.

पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवारात जाऊन पडला. दुर्गंधी आणि दूषित पाण्याविरोधात तिथल्या गावकऱ्यांनी अनेकदा कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. गाड्या अडल्या की शहरात कचरा साचायचा आणि मग त्याची बातमी व्हायची. गावाच्या विहिरी खराब झाल्या त्याची बातमी तेवढी मोठी होत नव्हती.

थोडक्यात, आपण दाराबाहेर ठेवलेली पिशवी कुठेतरी कुणाच्या तरी दारात जाऊन पडते.

'गाडीत एकत्रच टाकतात', मग उपयोग काय?

आता मूळ प्रश्न. अनेक ठिकाणी गाडीत कचरा खरंच एकत्र होतो. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण यावर तीन गोष्टी सांगता येतील.

पहिली: ओला कचरा घरातून किंवा सोसायटीतून बाहेरच गेला नाही, तर तो गाडीत एकत्र होण्याचा प्रश्नच उरत नाही. साखळीतली ही एकच कडी अशी आहे, जी पूर्णपणे आपल्या हातात आहे. आणि ओला भाग निघाला की उरलेला कचरा सडत नाही. तो आठवडाभर ठेवून भंगारवाल्याला किंवा कचरावेचकाला देता येतो.

दुसरी: वेगळा दिलेला कचरा वेगळाच नेणं ही पालिकेची जबाबदारी आहे. ती २०१६ च्या नियमांतही होती. आता शहराने वर्गीकरण न करता कचरा डेपोत नेला, तर त्यासाठी जास्त शुल्क लागेल अशी तरतूद आहे. तारीख-वेळेसह फोटो काढून सोसायटीच्या लेटरहेडवर तक्रार दिली, तर तिची नोंद राहते. ग्रुपवर टाकलेल्या मेसेजची राहत नाही.

तिसरी: जिथे साखळी जुळली, तिथे ती चालते आहे. इंदूरमध्ये फेब्रुवारी २०२२ मध्ये दिवसाला ५५० टन ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी तयार करण्याच्या क्षमतेचा प्रकल्प सुरू झाला. असा प्रकल्प मिश्र कचऱ्यावर चालत नाही, त्याला घरातूनच वेगळा केलेला ओला कचरा लागतो. इंदूर फार लांब वाटत असेल तर वेंगुर्ला बघा. तिथल्या नगरपरिषदेने घरोघरी वर्गीकरण करून घेतलं आणि जिथे कचऱ्याचा डेपो होता, ती जागा लोक बघायला जाऊ लागले.

घरात खत करायचं तर कसं?

फार काही विकत घ्यावं लागत नाही. भोकं पाडलेली झाकणाची बादली किंवा मातीची मोठी कुंडी पुरते.

तळाशी वाळलेल्या पानांचा किंवा नारळाच्या काथ्याचा थर द्या. त्यावर रोजचा ओला कचरा बारीक करून टाका. प्रत्येक वेळी वरून मूठ-दोन मूठ वाळलेली पानं, लाकडाचा भुसा किंवा कोकोपीट पसरा. सुरुवातीला थोडं जुनं खत, शेण किंवा आंबट ताक घातलं की कुजण्याची क्रिया लवकर सुरू होते. दोन-तीन दिवसांनी एकदा हलवा. बादली भरली की बाजूला ठेवून दुसरी सुरू करा. साधारण दीड-दोन महिन्यांत काळसर, मातीच्या वासाचं खत मिळतं.

लोक मध्येच सोडून देतात ते या चार कारणांनी:

वास येतोय? ओल जास्त झाली आहे किंवा हवा कमी पडते आहे. सुकी पानं घाला, हलवा.

अळ्या झाल्या? किळस वाटते, पण त्या कचरा खाऊनच संपवतात. वरून सुका थर जाड द्या, झाकण लावा.

मुंग्या लागल्या? खत कोरडं पडलंय. थोडं पाणी शिंपडा.

पांढरी बुरशी दिसतेय? काम बरोबर चाललंय, घाबरू नका.

तेलकट भाज्या, मासळी आणि हाडं मात्र नवशिक्यांनी पहिले काही महिने टाळलेली बरी.

पुण्यात राहत असाल तर आणखी एक फायदा आहे. गांडूळखत, सौरऊर्जा आणि पर्जन्यजल संधारण असे प्रकल्प चालू ठेवणाऱ्या मिळकतींना पुणे महापालिका सामान्य करात ५ ते १० टक्के सवलत देते. सोसायटीच्या बैठकीत विषय मांडताना हा मुद्दा कामी येतो.

उरलेल्या दोन डब्यांचं काय?

नवे दोन प्रकार जिकिरीचे वाटतात, पण त्यांचा थेट संबंध माणसांच्या हातांशी आहे.

पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासून आहे. तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली. तिचे सभासद घरोघरी जाऊन कचरा घेतात आणि हाताने वर्गीकरण करतात. सुका कचरा विकून येणारा पैसा हा त्यांच्या कमाईचा भाग असतो. वापरलेलं पॅड उघडंच डब्यात टाकलं, तर ते यांच्या हाताला लागतं. म्हणूनच त्यांनी 'रेड डॉट' मोहीम चालवली: पॅड किंवा डायपर वर्तमानपत्रात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा. म्हणजे न उघडता कळतं की आत काय आहे. याला एक जुना पेपर आणि एक लाल पेन लागतं.

फुटलेली काच, इंजेक्शनची सुई, ब्लेड यांचंही तेच. जाड कागदात गुंडाळून, चिकटपट्टी लावून वेगळं द्या. बल्ब, सेल आणि मुदत संपलेली औषधं एका खोक्यात साठवून दोन-तीन महिन्यांनी संकलन केंद्रावर न्या.

हे सगळं करायचं कुणी?

नियमात 'नागरिक' असं लिहिलेलं असतं. घरात मात्र हे काम बहुतेक वेळा बाईवर पडतं, नाहीतर घरकामाला येणाऱ्या मावशींवर. आधीच स्वयंपाक, भांडी, डबे. त्यात आता चार प्रकारचा कचरा. पर्यावरणपूरक घराची चर्चा हा भाग सहसा टाळते. अनेक घरांत खताची बादली दुसऱ्या महिन्यात गच्चीच्या कोपऱ्यात जाते, त्यामागे कंटाळ्यापेक्षा हे कारण जास्त असतं.

त्यामुळे डबे आणण्याआधी कामं वाटून घ्या. खत हलवणं एकाकडे, सुका कचरा धुऊन ठेवणं दुसऱ्याकडे, औषधं आणि सेल केंद्रावर नेणं तिसऱ्याकडे. मुलंही यातलं बरंच काही करू शकतात.

आणि सगळं एकदम सुरू करू नका. पहिला महिना फक्त ओला कचरा वेगळा काढा. तेवढ्याने डब्याला प्लास्टिकची पिशवी लावायची गरज कमी होते, वास कमी होतो आणि गाडी एखाद्या दिवशी आली नाही तरी घर अडत नाही.

नवे नियम पाळले जातील की नाही, ते पालिकेवर आणि सरकारवर बरंच अवलंबून आहे. त्यासाठी त्यांना जाब विचारायलाच हवा. पण एका घराने रोजचा एक किलो ओला कचरा घरातच जिरवला, तर वर्षाला साडेतीनशे किलोहून जास्त कचरा कुणाच्या तरी गावाच्या वेशीवर जाऊन पडत नाही. शंभर घरांनी तेच केलं, तर हा आकडा ३६ टनांवर जातो. त्यासाठी कोणत्याही अधिसूचनेची वाट बघावी लागत नाही.